सहा तारा, तीन स्प्रिंगा

मुलुंड, ८ फेब्रुवारी २०२५

भाऊकाका, जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस. मला अंगठा नको, उत्तर पाहिजे. म्हणून हे पाकीट.

काल रमाई जयंतीला कांजूरमार्गला आपल्या गायन पार्टीचा प्रोग्राम होता. माझी पार वाट लागली. माझ्या गिटारला तो दांडा आहे ना, तो दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होऊन सूर खाली झुकतो, वर ओढला की चढतो, आणि सोडला की परत जागेवर यायला पाहिजे. तो जागेवर येतच नाही. चौथ्या गाण्यात एवढं बेसूर झालं की दादूमास्तरांनी पेटी थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शीतल, तू आता नुसती उभी राहा." पुढची सहा गाणी मी तारांवर हात ठेवून नुसती उभी होते. लोकांना वाटत होतं, ही वाजवतेय. एवढी लाज वाटली ना काका!

चौदा एप्रिलला घाटकोपरचा मोठा प्रोग्राम आहे. तोपर्यंत गिटार सुरात राहिली नाही तर गाण्यांमधले माझे पीस विकी त्याच्या कीबोर्डवर वाजवणार, असं मास्तर बोलून गेले. त्यात गिटारचा आवाज आहे म्हणे. आवाज कसला, डब्यात कोंडलेली माशी! चार वर्षं झाली मला पार्टीत. पोरगी गिटार वाजवते म्हणून आधी हसले, मग शिट्ट्या मारल्या, आता कुठे ऐकायला लागलेत. मी जागा सोडणार नाही.

तू गिटार कधी धरली नाहीस, पण तीस वर्षं कारखान्यात, प्रेसवर आणि टूलरूममधे काढलीस. स्प्रिंग आणि स्क्रू तुझ्याएवढे आपल्यात कोणाला कळतात? मागचं झाकण उघडून चित्र काढलंय, सोबत आहे. दुकानवाल्याने पुढचे सहाही स्क्रू गच्च आवळून दिले आणि म्हणाला, आता हलणार नाही. रविवारी गिटार घेऊन येऊ का?

तुझी शीतल

साकीनाका, १२ फेब्रुवारी

शीतल, जय भीम.

येऊ नकोस. तू समोर बसून वाजवशील, मी मान हलवीन, आणि मला ढिम्म ऐकू येत नाही हे दोघांनाही माहीत असेल. तसलं नाटक नको. तू लिहून कळव, मी लिहून सांगतो.

चित्र चांगलं काढलंस. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत तेच बघत बसलो होतो. गोष्ट सोपी आहे. पुढून सहा तारा ओढतात, मागून तीन स्प्रिंगा ओढतात, आणि मधे, तारा आणि दांडा ज्याला जोडलेत तो ब्रिज, धारेने स्क्रूंवर टेकून तरंगतो. दोन्हीकडची ओढ सारखी असली की तो सरळ राहतो. तराजूच आहे तो. दांडा दाबून सोडलास की त्याने तिथेच परत यायला पाहिजे. येत नसेल तर मधे कुठेतरी काहीतरी अडतंय.

तुझा दुकानवाला गाढव आहे. ते सहा स्क्रू म्हणजे बिजागरी. बिजागरी कोणी आवळून टाकतं का? आधी तारा सैल कर. मग बाहेरचे दोन स्क्रू ब्रिजला जेमतेम टेकतील एवढे ठेव आणि मधले चार अर्धा अर्धा आटा मोकळे कर. ताणलेल्या तारांवर स्क्रू फिरवलास तर धार जाईल, मग माझ्याकडे रडत यायचं नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललीस की वहीत लिही. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर कशाने सुधारलं ते कोणाच्या बापाला कळणार नाही.

भाऊकाका

मुलुंड, १७ फेब्रुवारी

काका, जय भीम.

तू ग्रेट आहेस! स्क्रू मोकळे केले आणि निम्मा त्रास गेला. दांडा आता लोण्यासारखा हलतो. पण तिसरी तार अजून नाटकं करते. दांडा दाबला की वरच्या टोकाला 'टिक्' असा बारीक आवाज येतो आणि तार परत येते ती थोडी चढूनच. त्या टोकाला खाचा असलेली हाडासारखी पट्टी आहे, तारा तिच्यातून पुढे खुंट्यांना जातात.

मम्मी विचारते, जेवायच्या टेबलावर गिटार अजून किती दिवस पालथी पडणार. म्हटलं, काकांचं ऑपरेशन चाललंय. तर म्हणाली, त्याला विचार, माझ्या मिक्सरचं कधी करणार.

शीतल

साकीनाका, २१ फेब्रुवारी

शीतल, जय भीम.

टिक् वाजतं म्हणजे तार खाचेत अडकते. पेन्सिलीचं शिसं घासून त्याची पूड खाचेत भर. तेल घालू नकोस, तेलावर धूळ बसते. खुंटीवर तारेचे फार वेढे असतील तर दोन-तीनच ठेव, उरलेली तार काप. नवीन तार लावलीस की हाताने ओढ, सूर लाव, परत ओढ. तिच्यातला ढिलेपणा आधीच काढून टाकायचा.

हे झालं की शेवटी तराजू. मागच्या दोन लांब स्क्रूंनी स्प्रिंगा ओढल्या जातात. ब्रिज लाकडाला समांतर दिसेपर्यंत ते फिरवायचे, पण एका वेळी पाव आटा. पाव आटा, परत सहाही तारांचा सूर, परत बघ. दहा-बारा वेळा करावं लागेल. कंटाळा आला तर उठून चहा पी, पण अर्धवट सोडू नकोस.

कमलवहिनीला सांग, मिक्सर नवीन घे.

भाऊकाका

मुलुंड, ३ मार्च

काका,

तू सांगितलंस ते सगळं केलं. दोन संध्याकाळी गेल्या. घरी दांडा पन्नास वेळा दाबला, पन्नास वेळा ओढला, सूर मोजायच्या मशीनची सुई केसभर हलली नाही. शेजारच्या प्रितमला बोलावून दाखवलं, तो पण म्हणाला, दीदी, झकास.

आणि काल ट्रॉम्बेला, विहाराच्या वर्धापनदिनाला, परत तेच! लहूदादाची पहिली चार गाणी अशी वाजवली की दादूमास्तरांनी पेटीवरून मान वर करून बघितलं. मग माधुरीताई गायला उभी राहिली आणि दोन कडव्यांत सगळं विस्कटलं. एक तार चढलेली, एक उतरलेली, वर तारा गिटारच्या गळ्यावरच्या लोखंडी पट्ट्यांना लागून खरखर करायला लागल्या. मी दांड्याला हात पण लावला नव्हता! या वेळी मास्तरांनी पेटी थांबवली नाही. नुसतं विकीकडे बघितलं. ते जास्त लागलं.

तुझ्या स्क्रूंचा आणि पेन्सिलीचा काय उपयोग झाला मग? राग तुझ्यावर नाही, पण दुसऱ्या कोणावर काढू?

शीतल

साकीनाका, ८ मार्च

शीतल, जय भीम.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. घरी सुई हलत नाही आणि स्टेजवर सूर जातो. याचा अर्थ यंत्र बरोबर आहे. आता मी लिहितो ते वाईट वाटून घेऊ नकोस. तुझे कान तपासून घे.

मी पार्टी सोडली तेव्हा तुम्हाला सांगितलं होतं की ड्युटी बदलली. ते खोटं होतं. मी बँजो वाजवायचो, तो बटणांचा, तुला आठवत असेल. शेवटची दोन वर्षं तो सारखा बेसूर वाटायचा लोकांना, आणि मी बँजोला शिव्या घालायचो. तारांखालची घोडी तीन वेळा नवीन बनवली. खुंट्या बदलल्या. पितळेच्या तारा काढून स्टीलच्या घातल्या. मशीनवर बसून बटणांच्या पिना नव्याने घासल्या. एका प्रोग्रामनंतर दादू जवळ आला, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, बँजो बरोबर आहे रे." एवढंच म्हणाला. मी घरी आलो आणि परत गेलो नाही.

पंचवीस वर्षं पॉवर प्रेसवर कानात कापूस घालून उभा होतो. कापसाने काय होतंय? तू चार वर्षं त्या भोंग्यांसमोर उभी राहतेस. माझ्या बापाचे कानही लवकर गेले होते. उशीर करू नकोस. मी केला.

भाऊकाका

मुलुंड, १३ मार्च

काका,

तुझं पत्र लॅबमधे उघडलं आणि सँपल तसेच टाकून बाथरूममधे जाऊन रडले. थोडं माझ्यासाठी, जास्त तुझ्यासाठी. तू एवढी वर्षं हे एकट्याने पोटात ठेवलंस?

पण आता माझं पण ऐक. काल कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. खोलीत बसवून, हेडफोन लावून, अर्धा तास बारीक बारीक आवाज ऐकवले. रिपोर्ट नॉर्मल आहे, झेरॉक्स जोडलीय. आणि रिपोर्ट नसता तरी मी सांगितलं असतं. ट्रॉम्बेला सूर गेला तेव्हा मास्तरांच्या आधी मला कळलं होतं. पहिल्या ओळीलाच अंगावर काटा आला. मला ऐकू येतं म्हणून तर त्रास होतो! तुझ्या कानांचं दुखणं माझ्या कानात घालू नकोस, प्लीज.

महिना राहिलाय. विकीने माझे पीस बसवायला घेतलेत. मला रागाने झोप येत नाही. काय चुकतंय ते शोध, नाहीतर सांग की मला जमत नाही, मी दुसरा बघते.

शीतल

साकीनाका, १६ मार्च

शीतल,

चुकलो. रिपोर्ट वाचून एवढा हलका झालो की गाळ्यातल्या सगळ्यांना माझ्या पैशांनी चहा पाजला. कोणाला कारण सांगितलं नाही.

मशीन बिघडलं की मी आधी माणसाला विचारतो, तू काय केलंस. तुला ते विचारलंच नाही, सरळ कानावर गेलो. आता सांग. घरी करत नाहीस असं स्टेजवर काय काय करतेस? चढल्यापासून उतरेपर्यंत सगळं लिही. पाणी पितेस, घाम पुसतेस, ते पण. फालतू वाटलं तरी गाळू नकोस.

भाऊकाका

मुलुंड, १९ मार्च

काका,

घे. स्टेजवर चढते. जय भीम करते. पट्टा गळ्यात घालते, वायर लावते, दादूमास्तरांच्या पेटीवर सूर मिळवते. लहूदादाची गाणी आधी असतात, तो पेटीच्या सफेद तीन पट्टीत गातो. ते मला सोपं पडतं, मोकळ्या तारा मिळतात. दांडा वापरते, घाम पुसते, पाणी पिते. मग माधुरीताई उठते. तिची पट्टी काळी चार. तोपर्यंत निवेदन चालू असतं, तेवढ्यात मी सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवून घेते, म्हणजे बोटं सोप्या जागी राहतात. मग वाजवते. लहूदादा परत उठला की परत चढवते. ढोलकीवाला कड्या सारतो, विकी बटण दाबतो, मी खुंट्या पिळते. हे तर सगळेच करतात. मग शेवटी भोंगेवाल्याशी भांडते आणि वायर गुंडाळते.

बस. एवढंच. यात काय सापडतंय तुला?

शीतल

साकीनाका, २३ मार्च

अगं वेडे!

सापडलं. आणि तुझ्याहून मोठा वेडा मी. पट्टी बदलली की वाद्य उतरवायचं, हे आपल्या हाडात एवढं मुरलंय की तुला लिहावंसं वाटलं नाही आणि मला विचारावंसं वाटलं नाही. मी पण बँजोवर जन्मभर तेच केलं. पण बँजोची घोडी जागची हलत नाही. तुझा ब्रिज तरंगतो!

नीट वाच. तू एक तार उतरवलीस की तारांची ओढ कमी होते. स्प्रिंगा जिंकतात, ब्रिज मागे झुकतो, आणि बाकीच्या पाच तारा आपोआप चढतात. मग तू दुसरी उतरवतेस, तर पहिली परत चढते. सहावीपर्यंत पोचतेस तेव्हा एकही जागेवर नसते. ब्रिज मागे झुकला म्हणून तारा खाली बसल्या आणि खरखर करायला लागल्या. आपण तराजू लावला तो एकाच सुरासाठी. घरी तू एकाच सुरात वाजवतेस, म्हणून सुई हलत नाही.

उपाय सोबत पाठवलाय. सागाचा ठोकळा आहे, तुझ्या चित्रातल्या मापाने केलाय, कमी पडला तर कागदाची घडी घाल. मागच्या पोकळीत ब्रिजचा लोखंडी ठोकळा खाली लोंबतो, त्याच्या स्प्रिंगांकडच्या बाजूला हा बसव आणि स्प्रिंगा दोन आटे जास्त ओढ. ब्रिज मागे झुकणारच नाही. मग हवी तेवढी पट्टी उतरव, चढव. एवढंच की दांडा खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही.

भाऊकाका

मुलुंड, २८ मार्च

भाऊकाका, जय भीम.

ठोकळा एकदम मापात बसला. सूर राहिला, पट्टी उतरवली तरी राहिला, परत चढवली तरी राहिला. मी मम्मीला मिठी मारली. मग लहूदादाचं मोठं गाणं वाजवायला घेतलं.

काका, तो वरच्या सुरावर जाऊन आवाज थरथरवतो ना, त्याच्या मागोमाग मी दांडा हलकेच वर-खाली करून तसाच कंप तारेतून काढते. तिथे लोक मान वळवून बघतात, कोण वाजवतंय म्हणून. ठोकळा लावला तर दांडा वर जातच नाही. नुसता सूर पडतो, चढत नाही. ऐकून मलाच रडू आलं. तेवढंच एक माझं स्वतःचं आहे. ते घालवून वाजवायचं असेल तर विकीचा कीबोर्ड काय वाईट आहे?

म्हणून ठोकळा काढला. रागावू नकोस. तराजू परत लावला, सगळे पाव पाव आटे परत केले. आणि ठरवलंय की यापुढे स्टेजवर खुंटीला हातच लावायचा नाही. माधुरीताईची सात गाणी आहेत, ती तारा न उतरवता काळी चारमधेच वाजवायची. मोकळी तार जवळजवळ मिळतच नाही, सगळं चार बोटांनी दाबून धरावं लागतं, दुसऱ्या कडव्याला अंगठा पेटतो. सतरा दिवस आहेत. सकाळी पाच ते सात बसते, मग लॅब. दादूमास्तरांना सांगून टाकलंय. ते म्हणाले, पहिल्या गाण्यात चुकलीस तर दुसऱ्याला विकी. म्हटलं, चालेल.

तू ये ना चौदाला. मास्तर म्हणाले, भाऊसाठी पुढे खुर्ची ठेवतो.

शीतल

साकीनाका, २ एप्रिल

शीतल,

हट्टी आहेस. मी असतो तर ठोकळा ठेवला असता आणि गप वाजवलं असतं. सतरा दिवसांत सात गाणी नव्या जागी बसवणं सोपं नाही. हातांना सवय असते, ऐन वेळी हात जुन्या जागी पळतो.

पण ठरवलंस ना? मग आता मागे बघू नकोस. तारा आठ तारखेला बदल, आदल्या दिवशी नाही. त्याच जाडीच्या घे, जाडी बदललीस तर तराजू परत पहिल्यापासून. एकेक करून बदल, सगळ्या एकदम काढू नकोस. खाचेत शिसं भर. अंगठा दुखला तर गरम पाण्यात धर.

मी येणार नाही. दादूला सांग, खुर्ची-बिर्ची ठेवू नको.

भाऊकाका

मुलुंड, १५ एप्रिल

भाऊकाका, जय भीम!

झालं! चौदाच्या चौदा गाणी झाली! विकीने माझ्या बाजूला कीबोर्ड चालू करून ठेवला होता, त्याला माझ्या एका पीसला बोट लावायची वेळ आली नाही. बिचारा शेवटी टाळ्या वाजवत होता. लहूदादाच्या मोठ्या गाण्याला दांडा वर ओढला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया उभ्या राहिल्या. माधुरीताईच्या पहिल्या गाण्यापासून बोटं बरोबर पडली.

एकच गडबड झाली, ती फक्त तुला सांगते. नवव्या गाण्यात तिसरी तार थोडी उतरली, घाम असेल नाहीतर गरमी. मी बोटाने तार बाजूला ओढून तेवढी वर चढवली आणि गाणं संपेपर्यंत तशीच वाजवली. खुंटीकडे हात एकदाही गेला नाही, शप्पथ. कोणाला काही कळलं नाही.

उतरल्यावर दादूमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी कोणाला विचारायचं नाही, गिटार शीतलच. मग तुझ्या खुर्चीकडे बघत राहिले. नको म्हणालास तरी त्यांनी ठेवली होती. रिकामीच राहिली. मला वाईट वाटलं काका. तुझ्याशिवाय झालं नसतं आणि तूच नव्हतास.

तुझी शीतल

साकीनाका, १९ एप्रिल

शीतल, जय भीम.

खुर्चीवर बसलो असतो तर दादूने माइकवरून नाव घेतलं असतं आणि मला उभं राहून हात जोडावे लागले असते. म्हणून मी डाव्या बाजूला, पाण्याच्या टँकरपाशी उभा होतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत.

सूर मला कळला नाही, खोटं कशाला लिहू. भोंग्यांची नुसती धडधड छातीत येत होती. म्हणून मी फक्त तुझ्या खुंट्या बघत होतो. माधुरी उठली, निवेदन सुरू झालं आणि तू दोन्ही हात खाली सोडून शांत उभी राहिलीस. तेव्हाच मला वाटलं, पोरीने जिंकलं. पुढची गाणी मी बोटांवर मोजत होतो.

तू लिहितेस, खुंटीकडे हात एकदाही गेला नाही. नवव्या गाण्यात गेला होता. डावा हात उठला, खुंटीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. मी एवढ्या जोरात "नको!" म्हणून ओरडलो की टँकरवाला दचकून खाली उतरला. मला माझा आवाज ऐकू आला नाही, तुला तर नाहीच. पण तू हात परत आणलास.

भाऊकाका